निघण्याआधीचं बसणं

झोया : आई, गाठोडं मी बांधलंय, आता पुन्हा सोडू नका. आज वीस नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत शहर सोडायचं. त्यानंतर तळघरात जो सापडेल त्याला गोळी. पाण्याच्या टाकीवर जर्मनांनी कागद चिकटवलाय आणि आता दहा वाजून गेलेत.

पेलागेया : सोडत नाहीये. स्त्योपाचे बूट वर ठेवले होतेस तू. बर्फात भिजतील, म्हणून तळाशी घातले.

झोया : बूट भिजायची काळजी. तुमची नात चार वर्षांची आहे, ती स्तेपच्या उघड्या माळरानातून चालत जाणार, त्याचं काही नाही.

पेलागेया : न्यूरा कशाला चालेल? शेजारच्या लुकिचची हातगाडी आहे. लुकिच, आणलीस का रे?

लुकिच : आणली. वर दाराशी लावलीय. लाकडी पायानं ओढत आणली बाई, निदान बरा आहेस का म्हणून तरी विचार. चाक कुरकुरतंय, पण माझ्याएवढं नाही.

झोया : काका, तुम्ही पुढं राहा. परवा जर्मनांनी ज्यांना नेलं त्यांच्यातलं कोणी पोचलं का, काही कळलं?

लुकिच : कशाला ऐकतेस.

झोया : ऐकायचंय मला.

लुकिच : जर्मनांबरोबरचा एक रुमानियन शिपाई सांगत होता. दमून रस्त्याकडेला बसले, ते तसेच बसलेले आहेत. बर्फ साचलाय अंगावर.

पेलागेया : पोरीदेखत बोलू नकोस.

झोया : झोपलीय ती. आणि इथं राहिलं तर काय मिळणार आहे? जळका गहू संपला. घोड्याचं कातडं उकळून झालं. तिथं निदान पोचायची आशा आहे. इथं बाराला गोळी ठरलेली आहे. चला.

पेलागेया : चला काय? आधी बसा.

झोया : आई, आज नको.

पेलागेया : आजच हवं. घर सोडताना मिनिटभर गप्प बसायचं, मग सगळ्यात मोठ्या माणसानं उठायचं, मग बाकीच्यांनी. माझ्या सासूनं हे मोडलं नाही, मी मोडणार नाही. एकदाच मोडलं या घरात. ऑगस्टात.

झोया : झालं सुरू.

पेलागेया : कोपऱ्यावर फौजेच्या लॉरीनं भोंगा वाजवला आणि तू माझ्या पोराला, तुझ्या नवऱ्याला, ढकलत बाहेर काढलंस. मी पंपावरून पाणी घेऊन आले तर घर रिकामं. न बसता गेला स्त्योपा. तीन महिने झाले, नदीपलीकडून, आपल्या फौजेकडून, पत्राची एक ओळ नाही.

झोया : नदीपलीकडून काहीच नाही, आई. धड तोफासुद्धा नाहीत. इकडून जर्मनांचे शंभर गोळे गेले तर तिकडून दहा येतात. विसरले ते आपल्याला.

लुकिच : विसरले नाहीत. मी सांगतो, आपले लोक...

झोया : काका, 'आपले आले' असं तुम्ही ऑक्टोबरातच तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा तर मी न्यूराचे केस विंचरून तिला बाहेर घेऊन गेले होते.

लुकिच : तिसऱ्यांदा वारा उलटा होता, आवाजानं फसवलं.

पेलागेया : तुझ्या जिभेला हाड नाही, लुकिच. आता तरी तोंड मिटून बस. तू पेटीवर. झोया, तू गाठोड्यावर. एकच मिनिट.

झोया : एकच.

(तिघं बसतात.)

पेलागेया : झोया, पाय हलवू नकोस.

झोया : मी कुठं हलवतेय?

पेलागेया : मग कपात चमचा का वाजतोय?

झोया : वर लॉऱ्या चालल्या असतील.

पेलागेया : लॉरी येते आणि जाते. हे जात नाहीये.

झोया : आई, तुमच्या मागं बघा. भिंतीतून माती गळतेय.

पेलागेया : या भिंतीतून? ही तर स्तेपकडची भिंत. आजवर माती पडली ती नदीकडच्या भिंतीची. ही कधी हलली नाही.

झोया : काका, तुम्ही तोफखान्यात होतात. काय आहे हे? काका?

पेलागेया : लुकिच, टोपी का काढलीस?

लुकिच : मोजत होतो.

झोया : किती आहेत?

लुकिच : सोडलं मोजणं.

पेलागेया : म्हणजे काय?

लुकिच : मागच्या जर्मन लढाईत तीन वर्षं तोफेपाशी काढली मी. कितीही मोठा मारा असू दे, दोन बारांच्या मधे माणसाला श्वास घेता यायचा. यात फटच नाही. पोरी, तू भिंतीला कान लाव. माझे म्हातारे झालेत.

झोया : गिरणीत कामाला होते ना मी, तिथं पीठ पडायचं त्या खोलीत जमीन अशी हलायची. पाय ठेवला की दातापर्यंत यायचं. पण ती एक गिरणी होती, काका. इथं सगळा स्तेप हलतोय.

लुकिच : खाऱ्या तळ्यांच्या अंगाला. नैऋत्येला.

झोया : तिथं तर कोणीच लढत नव्हतं.

लुकिच : नव्हतंच.

झोया : मग या तोफा कोणाच्या?

लुकिच : जर्मन स्वतःच्याच पिछाडीवर कशाला गोळे टाकतील?

झोया : म्हणजे आपले? बोला ना. एरवी तुमचं तोंड थांबत नाही.

लुकिच : मी तीनदा बोललोय. आज मी नाही म्हणणार. तुम्ही म्हणा.

पेलागेया : एवढ्या तोफा होत्या आपल्याकडं?

लुकिच : होत्या म्हणायच्या.

पेलागेया : आपण इथं कातडं उकळत होतो, नदीपलीकडून दहा गोळे आले म्हणून त्यांना शिव्या देत होतो. आणि ते तिकडं एक एक करून साठवत होते. किती माणसं लागली असतील रे ओढायला? आणि कोणी चकार शब्द बोललं नाही. देवा, मला भीती वाटतेय. आपल्याच तोफांची.

लुकिच : मलाही वाटतेय. टोपी उगीच नाही काढली.

झोया : आपल्याला ज्या रस्त्यानं नेणार आहेत, तो कुठं जातो?

लुकिच : पश्चिमेला. हे तोफावाले त्या रस्त्याच्या पुढ्यात जाऊन दार लावायला, जर्मनांना आत कोंडायला निघालेत, असं दिसतंय. काल संध्याकाळी आपल्या गल्लीतले जर्मन रणगाडे गेले, ते नदीकडं नाही, स्तेपकडं गेले. मला वाटलं, दारू पिऊन वाट चुकले.

झोया : आणि बारा वाजता?

लुकिच : शोधायला येतील किंवा नाही येणार. खोटं कशाला बोलू? पेटीखालच्या खड्ड्यात चौघं मावू. पोरीला गप्प ठेवावं लागेल.

झोया : आई, तो बसला होता.

पेलागेया : कोण?

झोया : स्त्योपा. ऑगस्टात. तळघराच्या या शेवटच्या पायरीवर, माझ्याशेजारी. भोंगा वाजत होता तरी बसला. तुम्ही भेटला नाहीत म्हणून त्याला रडू आलं. आईला सांगू नकोस म्हणाला.

पेलागेया : तीन महिने मी तुला बोलतेय आणि तू ऐकून घेतलंस?

झोया : सांगितलं असतं तर ते मिनिट तुमचंही झालं असतं. माझ्याकडं तेवढंच होतं.

लुकिच : अजून चाललंय. ऐका. अजून थांबलं नाही.

झोया : आई, मिनिट केव्हाच संपलं. मोठ्या माणसानं आधी उठायचं, मग बाकीच्यांनी. उठताय का?

पेलागेया : नाही.

झोया : नक्की?

पेलागेया : लुकिच, गाडी आत ओढून घे, दारात दिसायला नको. झोया, पोरीच्या अंगावर घोंगडी घाल. आणि ते गाठोडं सोड.

झोया : सोडू?

पेलागेया : सोड. स्त्योपाचे बूट वर काढून ठेव.