घरामागच्या पाइपाबद्दल बोलणाऱ्या बाईचा आवाज

मी थर्मन यूजीन गिल्क्रिस्ट, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, माउंट हेरमोन बॅप्टिस्ट चर्चचा डीकन म्हणजे सेवेकरी, राहणार चॉक क्रीक रस्ता, हॅस्लम काउंटी, अलाबामा. शिक्षण याच काउंटीच्या शाळेत बारावीपर्यंत. शेरीफच्या कचेरीतून बोलावणे आल्यावरून आज सकाळी हजर झालो आणि विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मला येथे एका पॉडकास्टमधला आवाज कोणाचा ते ओळखण्यासाठी बोलावले आहे. त्या पॉडकास्टच्या एका भागात एक बाई आपल्या घराच्या संडासाचे पाणी पाइपाने मागच्या अंगणात सोडते असे सांगते. काउंटीच्या आरोग्य कचेरीचे म्हणणे असे की, अशी बाई आणि असे घर या काउंटीत नाही, तो आवाज बनावट आहे. आणि बाई खरी निघाली, तर तिने गुन्हा कबूल केला आहे म्हणून तिच्यावर समन्स काढून घर राहण्यास अयोग्य ठरवावे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत.

माझी थोरली बहीण ओझेला मॅकॉर्ड, वय त्रेसष्ट, विधवा, माझ्या शेजारच्या घरात राहते. जमीन आमच्या वडिलांची आहे. आई वारली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला ताईने वाढवले. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झाली आहे. तिचे दुसरे घर नाही.

आमच्या भागातली माती वरून काळी आणि खाली खडूसारखी आहे. पाणी जिरत नाही. गटाराची लाइन गावापर्यंत येते, आमच्या रस्त्याकडे वळत नाही. साधी सेप्टिक टाकी बसवली तर पावसात ती उलटी भरते, आणि घाण न्हाणीच्या टबात वर येते. या मातीत चालेल अशी टाकी आमच्या घरांपेक्षा महाग आहे. म्हणून लोक पाइप टाकतात. हे सर्वांना माहीत आहे. मोठ्याने कोणी बोलत नाही, कारण पूर्वी समन्स आलेली आहेत.

पलीकडच्या घरातल्या एका लहान मुलीच्या पोटात जंत निघाले, तेव्हापासून ताई या कामात आहे. रबरी बूट घालून ती दारोदार जाऊ लागली. लोक पडद्याआडून बघत, दार उघडत नसत. मग ती पायरीवरूनच सांगायची, "काल माझ्या टबात काय वर आलं ते आधी मी सांगते. नंतर तुम्हाला वाटलं तर तुमचं सांगा." बाया हसत आणि दार उघडत. त्यातून चर्चच्या तळघरात बायकांची सभा सुरू झाली. विद्यापीठातले लोक आले, मातीचे नमुने घेऊन गेले. वर्तमानपत्रवाले आले, आमच्या अंगणांचे फोटो काढून गेले. पाइप तसेच राहिले. मी ताईला म्हटले होते, "आता पुरे कर. गुडघे गेलेत तुझे." ती म्हणाली, "गुडघे असेही जाणारच होते."

गेल्या हिवाळ्याआधी बर्मिंगहॅमहून रशोंडा टॉलिव्हर नावाची मुलगी आली. ती हा पॉडकास्ट करते. माती, पाणी, हवा यांच्यासाठी लढणाऱ्या आमच्या काळ्या बायकांना ती शोधून काढते आणि त्यांच्याच तोंडून त्यांचे काम लोकांपर्यंत पोचवते. तिचे म्हणणे असे की, या बायकांचे फोटो सगळे छापतात, पण त्यांचे म्हणणे मात्र दुसरेच कोणीतरी सांगते. ताईने तिला आधी जेवायला बसवले. भाजी, मक्याची भाकरी आणि रताळ्याचे सारण भरून भाजलेली गोड पोळी. जेवण होईपर्यंत यंत्र पिशवीतून काढू दिले नाही.

आमच्याकडे थोरल्या बाईला, लग्न झालेले असले तरी, मिस म्हणतात. रशोंडा म्हणाली, "मिस ओझेला, तुमचं नाव कुठंही येणार नाही. आवाजही बदलून टाकेन. तुमच्यावर काही शेकायला नको."

ताई म्हणाली, "नाव राहू दे बाहेर. बोलणं मात्र कापू नकोस. मी एकदा बोलायला लागले की मधेच थांबवलेलं मला चालत नाही. विचार याला."

मी होय म्हणालो.

आमच्या चर्चमध्ये जुन्या बाया साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला उठल्या की एकदम बोलत नाहीत. तोंड मिटून गुणगुणतात. शब्द नसतात. बोलणे सापडेपर्यंत गुणगुणायचे. प्रत्येकीची चाल वेगळी असते, आणि डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कोण उठले ते कळते. ताईची चाल आईकडून आली आहे. ती एका ठिकाणी खाली उतरते आणि तिथे थांबते, कोणी खुर्ची आणून देईपर्यंत थांबावे तशी. यंत्रासमोरही ताई तशीच आधी गुणगुणली आणि मग बोलली. पाइप, टब, जंत, समन्स, सर्व सांगितले. मी त्या खोलीत हजर होतो.

रशोंडाने सांगितल्याप्रमाणे नाव काढले आणि आवाज जाड केला. गुणगुणणे मात्र होते तसे ठेवले. तिच्या शहरातल्या चर्चमध्ये मोठा बाजा वाजतो. तिला ते गाण्यासारखे वाटले, ओळखीसारखे नाही.

तो भाग मी प्रथम बसच्या आगारात ऐकला. सोबत लुशियस प्यू हा ड्रायव्हर होता. त्याच्या फोनवर ऐकत होतो. सुरुवातीला रशोंडा थोडी माहिती सांगते आणि तेव्हाच या बाईची दोन वाक्ये येतात. लुशियस म्हणाला, "ही कोण रे? बेडूक बोलतोय जणू." मग गुणगुणणे आले. लुशियसने फोन खाली ठेवला. म्हणाला, "बेडकाला तुझ्या बहिणीचा गळा कसा काय मिळाला?" त्या दिवशी दुपारच्या फेरीत मी एक थांबा चुकवला. पूर्वी कधी चुकवलेला नाही.

रविवारपर्यंत सर्वांना कळले होते. चर्चच्या पायऱ्यांवर मिस विली मे ताईला म्हणाल्या, "ओझेला, तोंडाला फडकं बांधलंस, पण डोक्यावर टोपी तुझी ती जांभळीच की गं!" बाया हसल्या. ताईही हसली. रशोंडाला हे कळले तशी ती बर्मिंगहॅमहून धावत आली आणि रडू लागली. ताई तिला म्हणाली, "रडतेस कशाला? ते गुणगुणणं काढलं असतंस तर उरलं काय असतं? बेडूक."

तो भाग पुष्कळ दूर गेला. कोणत्या कोणत्या राज्यांतून बायांचे फोन आले. कोणी कारखान्याशेजारी राहणाऱ्या, कोणी शिसे उतरलेले पाणी पिणाऱ्या. ताई ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलत असे. माझ्या ऐकण्यात आले ते एवढेच की, ती बहुतेक वेळ ऐकतच असे. शेजारच्या काउंटीत बायकांनी तो भाग सभेत लावून अधिकाऱ्यांना बसवून ऐकवला. तिथे काही घरांना टाक्या मिळाल्या आहेत. आमच्या काउंटीबद्दल येत्या गुरुवारी राजधानीत, माँटगोमेरीला, सुनावणी आहे. आरोग्य कचेरीने वर सांगितलेले पत्र ही सुनावणी ठरल्यावर दिले.

ताई स्वतः येथे येऊन तो आवाज माझा आहे असे सांगून गेली. तिला सांगण्यात आले की, ती या चळवळीतलीच असल्याने तिचे म्हणणे धरता येत नाही, कोणी दुसऱ्याने आवाज ओळखला पाहिजे. त्यावरून माउंट हेरमोनच्या लोकांना एकेक करून बोलावण्यात आले. मिस विली मे आल्या. लुशियस आला. पाळकसाहेब आले. सर्वांनी आवाज ओळखता येत नाही असे सांगितले. त्यांनी ते तिच्या मायेपोटी सांगितले, यात मला शंका नाही. त्यामुळे तिचे घर आतापर्यंत वाचले आहे, आणि त्याचमुळे ती बाई या काउंटीत नाही असेही कागदावर ठरत आले आहे.

मीही तेच सांगणार होतो.

काल चर्चनंतर मी ताईच्या ओट्यावर गेलो. ती पेकन, म्हणजे आमच्याकडचे अक्रोड, फोडत बसली होती. मी म्हणालो, "उद्या मला बोलावलंय."

"माहितेय. काय सांगणारेस?"

"आवाज बदललेला आहे, मला खात्रीनं सांगता येत नाही, असं. ते खोटं नाही. आवाज बदललेलाच आहे."

"वा रे डीकन! देवाला वकिली शिकवतोस होय?"

"ताई, घर जाईल."

"घराचं मला सांगतोस? छपराला पत्रे कोणी लावले? तू खाली शिडी धरून रडत होतास."

"मग?"

तिने हातातली पेकन फोडली, ती किडकी निघाली, टाकून दिली. मग म्हणाली, "थर्मन, ही सगळी माझ्यावर इतकं प्रेम करतात की मला पुसून टाकलं त्यांनी. मी बायकांना सांगत फिरले की लाजू नका, बोला. त्या बोलल्या. आता गुरुवारी तो साहेब उठून म्हणणार, अशी बाईच नाही. मग त्या सगळ्या तरी कुठं आहेत? त्यांच्या अंगणातलं काय आहे, स्वप्न?"

मी म्हणालो, "सुनावणीनं काही होत नाही. आपण पाहिलंय."

ती म्हणाली, "नाही झालं तर नाही. पण मी नव्हतेच म्हणून नको." आणि नंतर, "तुला जमत नसेल तर राहू दे. मी रागावणार नाही." ती रागावली नसती, हे मला माहीत आहे. मी अर्धी टोपली फोडून दिली आणि घरी आलो.

आज सकाळची फेरी करून येथे आलो. जबाब डेप्युटी डॅरेल हेन्स घेत आहेत. ते आमच्याच चर्चचे आहेत. त्यांनी तो भाग लावला. गुणगुणणे सुरू झाले तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले आणि संपेपर्यंत पाठमोरे उभे राहिले. हे वाक्य लिहायचे का, असे त्यांनी मला विचारले. मी लिहा म्हणालो.

त्यांनी विचारले, "मिस्टर थर्मन, हा आवाज ओळखता का? घाई नाही. 'नाही' म्हणालात तरी कागद पुरा होतो."

मी म्हणालो, "तू ओळखतोस का, डॅरेल?"

ते म्हणाले, "इथं प्रश्न मी विचारतो, सर." मग म्हणाले, "मी ओळखून चालत नाही. मला मनाई आहे."

मी सांगतो की, हा आवाज माझी बहीण ओझेला मॅकॉर्ड हिचा आहे. जाड केलेला आवाजही तिचाच आहे आणि गुणगुणणे तिचे आहे. आई गेल्यावर मला झोपवताना ती हेच गुणगुणत असे, त्यामुळे माझी चूक होणे शक्य नाही. हे सांगण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. याचा परिणाम काय होईल हे मला समजावून सांगितले आहे. ते मला आधीपासून समजलेले होते.

पुढे विचारल्यावरून सांगतो की, ती बोलते ते खरे आहे. तिच्या घरामागे पाइप आहे. तो तिच्या नवऱ्याने आणि मी मिळून टाकला. चर आम्ही दोघांनी खणला. दुसरा मार्ग असता तर त्या मातीत कोणी हौसेने खणत नाही. ताईने काउंटीकडे टाकीसाठी अनेकदा अर्ज केले. उत्तर आले नाही.

मला याहून अधिक विचारलेले नाही. तरी माझ्या इच्छेने सांगतो की, तसाच पाइप माझ्याही घरामागे आहे. डेप्युटी म्हणाले, "मिस्टर थर्मन, हे मी विचारलेलं नाही." मी म्हणालो, "माहितेय. लिही." ते म्हणाले, "लिहिलं की ते राहतं, सर. पुसता येत नाही." मी म्हणालो, "म्हणूनच." त्यांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवले आणि मग लिहिले. गुरुवारी ताईला विचारतील की असे घर कुठे आहे, तेव्हा तिला निदान दोन दाखवता येतील. मी बरोबर जाणार आहे. त्या दिवसाची रजा मागितली आहे.

डेप्युटी हेन्स यांच्या आईचे घर आमच्याच रस्त्याला आहे. त्या घरामागे काय आहे ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ज्याचे त्याने सांगावे.

हा जबाब लिहून झाल्यावर डेप्युटींनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. ऐकताना मी दोन ठिकाणी थांबवले आणि दोन्ही ठिकाणी माझ्या बहिणीचे नाव पूर्ण लिहून घेतले. बाकी सर्व माझ्या तोंडचे आहे, कमी केलेले नाही, वाढवलेले नाही, आणि खरे आहे, म्हणून खाली सही करतो.

थर्मन यूजीन गिल्क्रिस्ट

समक्ष: डेप्युटी डी. हेन्स, मिस कॅरी हेन्स यांचा मुलगा, राहणार चॉक क्रीक रस्ता.