तीन राजे आणि आईच्या पाटल्या

मंडळी, ऐका. हरलेल्या जुगाऱ्याला सगळेच शिव्या देतात. त्यात काय मोठंसं? माझा प्रश्न वेगळा आहे — जो जिंकतो, त्याचं काय? डाव जिंकला की केलेलं धुऊन निघतं का? बोला की! आत्तापर्यंत टाळ्या वाजवत होतात ना?

बरं, गोष्टच ऐका. एक होते आठल्ये सर. श्रीनिवास आठल्ये. कॉलेजात गणित शिकवायचे. विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. पत्त्यांना हात लावायचे ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला. का? तर त्या दिवशी खेळावं असं शास्त्र आहे म्हणे. बाकीचं शास्त्र कुणाला आठवत नाही, हे मात्र बरोब्बर पाठ!

शेजारच्या तात्या बिवलकरांच्या ओसरीवर तीन पत्तीचा डाव मांडलेला. सर पत्ते उचलायचे, बघायचे आणि टाकून द्यायचे. तात्या चिडवायचे, "सर, खेळायला आलात की पत्ते मोजायला?"

सर हसायचे. त्यांचा हिशोब पक्का होता. बावन्न पत्त्यांतून तीन येण्याच्या तऱ्हा बावीस हजार शंभर. त्यांत तिन्ही सारखे येण्याच्या फक्त बावन्न. म्हणजे सव्वाचारशे डावांत एकदा! तोवर माणसानं धीर धरावा, असं सरांचं म्हणणं. अहो, हा धीर देवापुढे बसून धरला असता तर? — पेटीवाले, हसू नका, तुम्हीही पाडव्याला कुठे असता ते मला ठाऊक आहे.

आणि तो डाव आला. सरांनी पत्ते उचलले. राजा. राजा. राजा! चेहरा मात्र मख्ख. एकेक जण पत्ते टाकून मोकळा झाला. उरले तात्या, आणि तात्या काही मागे हटेनात. सरांचा खिसा रिकामा झाला. त्या ओसरीचा नियम असा, की पाडव्याला उधारी नाही. लावायला काही आणायचं असेल तर पत्ते पालथे घालायचे, वर सुपारी ठेवायची आणि घरी जाऊन यायचं. सुपारी ठेवलेल्या पत्त्यांना कुणी हात लावत नसे.

सरांनी सुपारी ठेवली. उठले. चालता चालता हिशोब चालूच — आपल्याला हरवतील ते फक्त तीन एक्के. ते समोरच्याकडे असण्याची शक्यता? चार हजार सहाशे सहांत एकदा. म्हणजे नाहीच!

घरात नलिनीबाई फराळाचं ताट भरत होत्या. सकाळीच त्यांनी नवऱ्याला ओवाळलं होतं. हातात त्यांच्या आईच्या पाटल्या. आई गेल्यावर तेवढ्याच राहिलेल्या, पाडव्यालाच घालायच्या.

"पाटल्या दे गं जरा."

"कशाला हो?"

"तात्यांकडे सोनार आलाय. म्हटलं, घडण दाखवून घेतो. तुला तशाच बांगड्या करू."

मंडळी, खोटं बोलायला एक क्षण लागला नाही! त्याची शक्यता कुणी काढली होती? आणि ती माउली काय म्हणाली? "जपून आणा हं." फराळाचे हात पुसले आणि पाटल्या काढून दिल्या.

पुढे काय झालं असेल? हरले? नाही हो. जिंकले! तात्यांकडे नुसत्या तीन दश्श्या. ओसरी दणाणली. लोकांनी सरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सर घरी आले, पाटल्या पुढे ठेवल्या, वर नोटांची चळत ठेवली आणि सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं! सोनार नव्हता, हेसुद्धा हसत हसत.

बाईंनी ऐकून घेतलं. "आणि तीन एक्के निघाले असते तर?"

"अगं, चार हजार सहाशे सहांत एकदा!"

"त्या एकदात माझी आई होती," बाई म्हणाल्या. नोटांना त्यांनी हातही लावला नाही.

पुढच्या पाडव्याला सर पाटावर बसले. बाई ओवाळायला आल्या. कपाळी कुंकू लावलं, सगळं यथासांग. हात मात्र मोकळे.

"पाटल्या कुठे?" सरांनी विचारलं.

"पलीकडे काकूंकडे ठेवल्यात. सुट्टी संपून तुम्ही कॉलेजात गेलात की आणीन."

अहो, चोर येईल म्हणून लोक दागिने शेजारी ठेवतात! इथे नवरा घरात आहे म्हणून ठेवले. जिंकलेला नवरा! सर पाटावर बसून राहिले. निरांजन फिरत होतं, आणि त्यांना वर बघवेना.

मला संताप सरांचा कमी येतो, गावाचा जास्त येतो. हरले असते तर हेच लोक थुंकले असते. जिंकले, तर त्यांच्याकडे हिशोब शिकायला गेले! आणि तुम्ही? त्या खांबाजवळचे पाहुणे, मगाशी मी आकडे सांगितले तेव्हा मोबाईलवर काय टिपून घेतलंत? आकडेच ना? बाईंचं बोलणं टिपलंत का?

तेव्हा भजन मागून. आधी घरी जा. दारात तुमची चाहूल लागल्यावर कोण काय घाईघाईनं उचलून आत ठेवतं, ते बघा. आणि काही उचललेलं दिसलं, तर विठ्ठलापुढे नाही, तिच्यापुढे हात जोडा.