सतराव्या माणसाचा निकाल

माननीय अध्यक्ष, आमच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याचे मॅनेजर साहेब, आज निवृत्त होणाऱ्या प्राध्यापक मॅडम, विद्यापीठातली विद्वान मंडळी आणि मागच्या रांगांत बसलेले, पत्रा दाबणाऱ्या प्रेसखात्यातले माझे सोबती, सर्वांना नमस्कार. मी फिटर माणूस. माईकसमोर हात कुठे ठेवायचे तेही मला ठाऊक नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

दहा वर्षांपूर्वी मॅडम आमच्याकडे संशोधनाला आल्या. एकेकाला खोक्याएवढ्या खोलीत बसवायच्या, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आम्ही म्हटलं, चला, पंधरा मिनिटांची फुकट सुट्टी. माझा मेहुणा, बहिणीचा नवरा, तर तिथे डुलकी काढायला बघत होता. सतरा नंबर होता त्याचा. मॅडम गेल्या, प्रबंध झाला, पुरस्कारही मिळाला. निकाल आम्हाला कोणी सांगितला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारला नाही.

चार वर्षांनी, एका दुपारी मेहुणा प्रेसखाली वाकून साचा बदलत होता. प्रेस पलीकडच्या केबिनमधून सुरू करतात, आधी अर्धा मिनिट धोक्याची बेल वाजते. आम्ही सहाजण शेजारीच उभे होतो. बेल वाजली नाही, आणि प्रेस खाली आली. मेहुणा जागीच गेला.

पण ऑफिसातला नवा कारकून शपथेवर सांगत होता, बेल वाजली, पूर्ण वाजली, तुम्ही सहाजण नुसते बघत उभे होतात. फाटकावरच्या वॉचमननेही ऐकली होती. लोक म्हणायला लागले, शेडला काहीतरी लागलंय. मी स्वतः सहा महिने त्या दारातून मान खाली घालून आत जायचो. तुम्हीच सांगा, बेल डोक्यावर वाजते आणि सहा माणसांना ती ऐकूच येत नाही, याला काय म्हणायचं?

मग एक दिवस मॅडम माझ्या बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात प्रबंध. सतरा नंबरचं पान उघडून म्हणाल्या, "ताई, बेलच्या पट्टीतल्या आवाजाला ह्यांनी एकदाही बटण दाबलं नव्हतं. पत्र्याच्या दणक्याने तेवढे आवाज कानातून गेले होते. मला माहीत होतं."

बहीण म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंत?"

माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मात्र दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या येत राहिल्या. प्रत्येकाला त्याचं पान साध्या भाषेत समजावलं. साहेबांच्या मागे लागून बेलजवळ लाल दिवा बसवून घेतला. मघापासून इथे संशोधन समाजापर्यंत आणि उद्योगांपर्यंत कसं न्यायचं यावर बरंच बोलणं झालं. आमच्याकडे ते जेवणाच्या बाकावर झालं.

येत्या सोमवारी नवी शेड सुरू होते आहे. तिथे दिवा नाही. साहेब म्हणतात, नवी बेल जास्त कर्कश आहे. तीच मी पिशवीतून आणली आहे. हे बघा, बटण दाबलं.

पुढच्या रांगांनी कान झाकले, म्हणजे वाजतेय. मला काही नाही. आता साहेब, जरा मागच्या रांगांकडे बघा. चाळीसजण बसलेत, एकही हललेला नाही. फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या मुलीने कान झाकलेत. ती माझी मुलगी. दोन महिन्यांपूर्वी प्रेसवर लागली.

मॅडम, घरी बसलात तरी तिची तपासणी कराल ना? निकाल तेवढा तिच्या हातात द्या. साहेब, दिव्याचं सोमवारच्या आत बघा. एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि बेल अजून वाजत असेल, तर कोणीतरी येऊन बंद करा. मला कळणार नाही.