साडेचार हजारांची चड्डी

टाकव्याच्या दवाखान्यात रतनबाई नंबर लावून बसल्या होत्या. तळेगावहून सायकलवर आलेलं एक जोडपं त्यांच्या शेजारी टेकलं. नवरा कण्हत एका अंगावर बसला.

"सांगत होते, सायकलची गादीवाली चड्डी स्वस्तातली घेऊ नकोस."

"सई, अगं चड्डीला साडेचार हजार?"

"माझी बघ, तिसरं वर्ष चाललंय, टाका उसवलेला नाही. तुझी तीन महिन्यांत विरली, वर हे फोड."

रतनबाईंना राहवेना.

"आमच्या कैलासला सुनेनं तसलीच आणलीया. सायकलनं कारखान्यावर जातो. शिटावर मी लुगड्याची गोधडी शिवून दिलती, तिच्यावर आता मांजर निजतंय. खरं सांग पोरी, लय सुखाची असती व्हय?"

"लोण्यावर बसल्यासारखं वाटतं, मावशी."

"गोधडीपरास?"

"गोधडी सरकते हो."

"माजी न्हाई सरकत! चार बंद लावल्यात तिला." रतनबाई जवळ सरकल्या. "मग ही चड्डी खराब कशानं हुती?"

"धुण्यानं. गार पाण्यात हलक्या हातानं धुवायची. पिळायची नाही, दगडावर आपटायची तर मुळीच नाही. आतल्या गादीचा गोळा होतो."

"किती येळा आपटल्यावर?"

"एकदाच पुरे."

"बरं झालं बाई, इचारलं." रतनबाईंनी पदर खोचला. "सुनेला सकाळी कामावर जायची घाई. घरातलं धुणं समदं मीच धुते."