तंबूतल्या पिच्चरचं नाव

खांडबारा स्टेशनच्या बाकावर शीलाच्या शेजारी म्हातारी कौसाबाई आपल्या नवऱ्याला विचारत होती.

“काल टीव्हीवर आपला पिच्चर सापडना का?”

“नही. रिमोटवर एकेक अक्षर दाबीसन आंगठा दुखी गया.”

“मंग रिमोटमा बोलीसन सांगानं ना.”

“बोलीसनबी सांगं. लगीनना आगोदर जत्राना तंबूमा देखेल पिच्चर लाव, म्हनं. तंबू कसा बांधतस, ते दखाडं त्यानी. त्याले नाव पाहिजे.”

“नाव ध्यानमा नही तुमले?”

“मधमा दोरी व्हती. इकडे माणसं, तिकडे बाया. मी दोरीपलीकडे तुलेच देखी ऱ्हायना व्हतू. तूच सांग नाव.”

शीलाची गाडी फलाटाला लागली, पण उत्तर ऐकल्याशिवाय तिचा पाय निघेना.

“मी तरी कोठे देखं पडदाकडे?”