आप्पांचा रेडिओ आणि माझे स्पीकर

स्पीकर कुठले घेऊ म्हणतोस ना, आधी माझं ऐक. शहाद्याच्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत मी मोठे स्पीकर आणले, तर सगळं घुमायला लागलं. बदलून छोटे आणले, तेही घुमले! वडील होते तेव्हा याच खोलीत त्यांचा जुनाट रेडिओ काय गोड वाजायचा. वैतागून मी आईला म्हटलं, "त्यापेक्षा आप्पाना रेडिओ बरा व्हता."

"रेडिओनं काय कौतुक रे? तवय खोलीमा छतपर्यंत कापूस भरेल ऱ्हाये. आवाज कापूसच पी जाये."

आता आमच्या शेतात केळी. पण आईनं घरच्या कापसाच्या जुन्या गाद्या काढल्या आणि भिंतींना उभ्या टेकवल्या. मी परत गाणं लावलं, तर घुमणं गायब.

आई डोळे मिटून म्हणाली, "हां, आते तुन्हा बापना रेडिओ वाजना."