भिंगरीला मागून धरणारी जखीण

ऐका. आणि मामा, तू मध्ये बोलायचं नाहीस. गोष्ट तुझीच आहे, पण तू सांगितलीस की जखिणीला दरवेळी दोन हात जास्त फुटतात.

तर ही भिवामामाची जुनी पिकअप, भिंगरी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पत्रा सोलवटलेला, हॉर्नचा घसा बसलेला. पण मामा तिला लेकीसारखं जपतो. दसऱ्याला तर विचारूच नका! डिझेल टाकीचं झाकण म्हणजे तिचं तोंड, असं म्हणून त्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापतो. जुना काढायचा नाही, पाप लागतं. त्यावरच नवा.

या दसऱ्यानंतर ती घाटातल्या जखिणीच्या वळणावर अडायला लागली. पंपावर डिझेल भरलं की बारा किलोमीटर छान. वळण आलं की आचके! आधी नुसती उचकी. मग पाय दाबला तरी ताकद नाही. मग ठप्प! फिटरनं दोनदा फिल्टर बदलला. काही उपयोग नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांनी निदान केलं, "जखीण मागून धरते. डिझेलचा घोट मागते." मग मामा उतरायचा, झाकण उघडायचा. आतून आवाज यायचा, हुस्स! घेतला तिनं घोट. झाकण लावलं, दोन-चार सेल्फ मारले की गाडी सुरू.

आता सांगा, माणसानं हे ऐकून किती गप्प बसायचं?

पण मामा खचला होता. गाडी न्यायला सोमवारी ये, असं त्यानं भंगारवाल्याला सांगितलं. रविवारी अंधार पडता पडता शेवटची खेप भरली, टोमॅटोचे कॅरेट. मी शेजारी जाऊन बसले. बघू तरी ही बाई कोण!

वळण आलं. उचकी. परत उचकी.

"आली गं," मामा पुटपुटला.

ठप्प! चढावर गाडी उभी. आणि मग, देवाशपथ, मागे सरकायला लागली. हळूहळू. कुणीतरी ओढत असल्यासारखी! इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा घट्ट, दाबता दाबेना. हँडब्रेक कधीचाच गेलेला. मागे दरी! मी उडी मारली, कडेचा धोंडा उचलला, मागच्या चाकाखाली सारला. चाक त्यावर चढलं... थांबलं. पलीकडे जमीन वीतभर उरली होती.

"घोट दे तिला! झाकण उघड!" मामा आतून ओरडतोय, दोन्ही पाय ब्रेकवर.

झाकण तेलकट, हातातून निसटतंय. ओढणीच्या टोकानं धरलं आणि फिरवलं. हुस्स! अन् ओढणी आत खेचली गेली!

हसू नका. किंचाळले मी. कॉलेज, परीक्षा, सगळं गेलं दरीत.

मग ओढणीकडे बघितलं. आत का गेली? म्हणजे हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. अरे, झाकणाला बारीक भोक असतं! डिझेल जितकं संपतं तितकी हवा तिथून आत यायला हवी. नाही आली तर टाकी डिझेल सोडत नाही, इंजिन उपाशी. पंपावर झाकण उघडायचं, तिथून बारा किलोमीटरला आतली हवा कमी पडायची. म्हणून दरवेळी तेच वळण! केसांतली पिन काढून मी शेंदूर खरवडला. थरावर थर, थरावर थर. शेवटी भोक दिसलं.

"मामा, जखीण नाही रे. श्वास तूच कोंडलास तिचा."

मामानं सेल्फ मारला. भिंगरीनं अंग झटकलं आणि एका दमात घाट चढली. वर जाऊन बघते तर मामा डोळे पुसतोय.

"गळा दाबला गं मी तिचा. तरी रोज बारा किलोमीटर ओढायची."

भंगारवाला सोमवारी नुसता चहा पिऊन गेला.

आता शेंदूर बॉनेटवर लागतो. पण त्या वळणावर मामा अजून थांबतो. झाकण उघडतो, लावतो. कशाला, विचारलं तर म्हणतो, "सवय लागलीय तिला. बिचारी वाट बघत बसेल."

तेव्हा ऐका. अंधारात त्या वाटेनं जाऊच नका. गेलात आणि गाडी अडली तर आधी झाकणाचं भोक बघा. आणि ओढणी कमरेला खोचून ठेवा. कारण गेल्या अमावास्येला भोक अगदी मोकळं होतं, मी स्वतः बघितलं होतं. मामानं झाकण फिरवलं, आणि...

हुस्स.

मामा, गप्प बस म्हटलं ना!